प्रोटॉन मात्र तेच व्हायचे

आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये प्रोटॉन व्हायचा मान फक्त त्यांचा होता. नवा विद्यार्थी असो, पाहुणा प्राध्यापक असो, नाहीतर चुकून आमच्या मजल्यावर आलेला पार्सलवाला असो, समोरच्याने अँटिप्रोटॉन व्हायचं. अँटिप्रोटॉनने कॉरिडॉरच्या झेरॉक्स मशीनच्या टोकाला उभं राहायचं आणि ते स्वतः जिन्याच्या टोकाला. मग दोघांनी एकमेकांच्या दिशेने चालत यायचं, अगदी सारख्या वेगाने. ते सहा फुटांच्या वर, मी जेमतेम पाच, त्यामुळे माझ्या वेळी त्यांना नव्या नवरीसारखी पावलं टाकावी लागायची. हातात एक काळी छत्री असायची, टोक छताकडे केलेलं. ती छत्री म्हणजे प्रोटॉनचा स्पिन, त्याच्या स्वतःभोवतीच्या फिरकीचा रोख. मधोमध, कॉफीच्या मशीनपाशी गाठ पडली की ते थांबायचे आणि शोकसभेत बोलावं तसं म्हणायचे, "आता आपण दोघंही उरलो नाही."

मग तिसरा कोणीतरी, बहुधा कॉफी घ्यायला आलेला बिचारा, इलेक्ट्रॉन व्हायचा. त्याला हलकेच एका बाजूला ढकललं जायचं, खिडकीकडे किंवा भिंतीकडे. आमच्या सगळ्या कामाचा प्रश्न एवढाच होता, की छत्री वर असताना इलेक्ट्रॉन खिडकीकडे जास्त वेळा जातो की भिंतीकडे.

मी साताऱ्याची. पुण्यात एम.एस्सी. करून डॉक्टरेटसाठी जर्मनीतल्या येनाला गेले, ती दोन हजारच्या दशकातली पहिली काही वर्षं होती. आईला फोनवर हा कॉरिडॉरचा प्रकार सांगितला तेव्हा ती म्हणाली, "तुझं जेवणखाण नीट होतंय ना गं?"

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्यांनाच ते आवडलं नसतं. कोणाचाही शोधनिबंध हातात आला की वाचायच्या आधी ते लेखकांच्या नावांवर एक कार्ड ठेवायचे. नाव दिसलं की माणूस वाचायचं सोडून विश्वास ठेवायला लागतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा आमच्या ग्रुपच्या प्रमुखांचाच निबंध त्यांनी असा नाव झाकून वाचला आणि भर बैठकीत "हा तरुण होतकरू दिसतो" असा शेरा दिला. प्रमुख म्हणजे आमचा शेफ. जर्मनीत शेफ म्हणजे स्वयंपाकी नव्हे, साहेब. हा साहेब एके काळी त्यांचाच विद्यार्थी होता, त्यामुळे हसून सोडून देण्यावाचून त्याला इलाज नव्हता. इन्स्टिट्यूटमध्ये सगळे त्यांना पाठीमागे 'डेर आल्टे' म्हणायचे, म्हणजे म्हातारा. मी मनातल्या मनात आजोबा म्हणायची. तोंडावर मात्र 'हेर डॉक्टर', म्हणजे डॉक्टरसाहेब, आणि ते मला 'फ्राऊ कोलेगिन', म्हणजे सहकारी बाई. मी तेवीस-चोवीस वर्षांची पोरगी, पण त्यांनी मला कधी अरेतुरे केलं नाही. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी जिन्याजवळची एक चिंचोळी खोली त्यांना दिलेली होती आणि ते रोज सगळ्यांच्या आधी येऊन बसायचे.

आमचं काम काय होतं ते साध्या शब्दांत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रोटॉन म्हणजे नुसता ठिपका नाही. त्याला पोट आहे. त्या पोटात विद्युतभार पसरलेला आहे आणि चुंबकत्व पसरलेलं आहे, पण दोन्ही सारखे पसरलेले नाहीत. ते पाहायचा एक मार्ग म्हणजे प्रोटॉन आणि त्याचा उलटा भाऊ अँटिप्रोटॉन यांना एकमेकांवर आदळवायचं. दोघेही नाहीसे होतात, क्षणभर नुसता प्रकाश उरतो, आणि त्या प्रकाशातून कधीकधी एक इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलटा जोडीदार बाहेर पडतात. ते कुठल्या दिशेला गेले हे मोजत बसलं की गेलेल्या प्रोटॉनच्या पोटात काय होतं ते कळतं. त्यातली गोम अशी, की विद्युत आणि चुंबक हे जणू दोन गायक एकच गाणं म्हणतायत, पण त्यातला एक दुसऱ्याच्या किंचित मागे आहे. कोण मागे, हे नुसतं मोजून कळत नाही. त्यासाठी सगळ्या प्रोटॉनांचे स्पिन एका दिशेला लावावे लागतात, म्हणजे सगळ्या छत्र्या वर. मग इलेक्ट्रॉन एका बाजूला थोडे जास्त जातात. कुठल्या बाजूला, यावरून कोण मागे ते ठरतं. कागदावर हा सगळा फरक फक्त एका चिन्हाचा, अधिक की उणे.

हे चिन्ह काढणं हाच माझ्या प्रबंधाचा विषय होता.

आजोबांची दुसरी खोड म्हणजे शून्य. कुठलंही गणित मांडायला घेतलं की ते आधी विचारायचे, "शून्य कुठे आहे?" म्हणजे उत्तर काढायच्या आधी, ते कुठे कुठे शून्य असायलाच हवं हे सांगायचं. इलेक्ट्रॉन सरळ रेषेत निघाला तर डावं-उजवं उरतच नाही, म्हणून फरक शून्य. बरोबर काटकोनात निघाला तरी शून्य. टक्कर अगदी हळू झाली तरी शून्य. ही शून्यं घडाघडा सांगता आल्याशिवाय ते पेन हातात घेऊ द्यायचे नाहीत. जे होऊच शकत नाही ते आधी बाजूला काढलं, की उरलेल्याची माणसाला भीती वाटत नाही, असं ते म्हणायचे. आणि ही रीत फक्त गणितापुरती नव्हती. मेन्झामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीत, ताट घेण्याआधी ते फळ्यासमोर उभे राहून आज काय मिळणारच नाही याची उजळणी करायचे आणि मग समाधानाने उरलेलं खायचे.

एकदा मला व्हिसा वाढवून घ्यायला आउसलेंडरबेहोर्डेमध्ये जायचं होतं. परदेशी लोकांचं ते सरकारी ऑफिस, तिथे जायचं म्हटलं की आम्ही सगळे आदल्या दिवसापासून कागद मोजत बसायचो. आजोबा म्हणाले, मी येतो. काउंटरपलीकडच्या बाई दगडी चेहऱ्याच्या. मी कागद पुढे सरकवणार तेवढ्यात आजोबांनी त्यांना अत्यंत अदबीने विचारलं, की आधी कृपा करून सांगा, या बाबतीत काय होऊच शकत नाही? बाई आयुष्यभर तेच तर सांगत आल्या होत्या, पण इतक्या आपुलकीने कोणी विचारलं नव्हतं. त्यांची कळी खुलली. हे होऊ शकत नाही, ते होऊ शकत नाही, असं त्या रंगून सांगत गेल्या आणि आजोबा प्रत्येकाला "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत मान डोलावत राहिले. त्यांची यादी संपली तेव्हा फक्त एकच गोष्ट शिल्लक होती, माझा व्हिसा वाढवणं. बाईंनी तो वाढवला. बाहेर आल्यावर मी आजोबांचे आभार मानले तर ते म्हणाले, मी काही केलं नाही, फ्राऊ कोलेगिन, शून्यं त्यांनाच पाठ होती.

आणि त्यांची कार्डं. पूर्व जर्मनीच्या काळात कॉम्प्युटरला जी भोकं पाडायची पुठ्ठ्याची कार्डं लागायची, त्यांचे न वापरलेले गठ्ठेच्या गठ्ठे त्यांनी फेकताना वाचवले होते. ते सगळं गणित त्या कार्डांवर करायचे. एका कार्डावर एकच पायरी. पायरी चुकली तर तेवढं कार्ड बदलायचं. विद्यार्थ्यानेही तसंच करायचं. आणि गणित पूर्ण झालं, आपण खुशीत येऊन गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवला, की ते पत्ते पिसावेत तसा तो गठ्ठा पिसायचे आणि परत द्यायचे. पुन्हा क्रम लावा. ज्याला लावता येत नाही त्याला गणित कळलेलं नाही, नुसतं झालेलं आहे. पहिल्यांदा त्यांनी माझा गठ्ठा पिसला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिसऱ्यांदा पिसला तेव्हा मला कळलं की माझ्यापेक्षा जास्त मन लावून माझं काम आजवर कोणी हाताळलेलं नाही.

शेफने मला त्यांच्याबद्दल जे सांगितलं ते थोडक्यात असं. आजोबांनी ऐन उमेदीत याच प्रश्नावर काम केलं, पण तेव्हा हे गाव पूर्व जर्मनीत होतं आणि त्या देशात अँटिप्रोटॉनचं यंत्र नव्हतं. ज्या देशांत होतं तिथे जायची परवानगी त्यांना नव्हती. म्हणून ते जे कधी पाहता येणार नव्हतं त्याचं गणित करत राहिले. त्यांच्या संस्थेने ते एका खाकी कव्हरच्या अहवालात छापलं. पुढे बर्लिनची भिंत पडली, देश गेला, ती संस्थाही बंद झाली. पश्चिमेकडच्या लोकांनी येऊन इथल्या संशोधकांच्या परीक्षा घेतल्या आणि आजोबांना ती जिन्याजवळची खोली मिळाली. त्यांनी स्वतः यातलं अक्षरही मला कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "ना या," म्हणजे चालायचंच.

आता पश्चिमेकडे एक मोठं अँटिप्रोटॉनचं यंत्र बांधायचं घाटत होतं आणि आमच्या ग्रुपला त्यासाठी प्रस्ताव द्यायचा होता. प्रोटॉनच्या पोटाबद्दल दोन तर्क होते. एक म्हणत होता चिन्ह अधिक, दुसरा म्हणत होता उणे. कुठली बाजू खिडकीची आणि कुठली भिंतीची हेच जर आम्ही चुकवलं असतं, तर उद्या यंत्र बरोबर मोजमाप देणार आणि लोक बरोबर तर्क फेकून चुकीचा घरात घेणार. म्हणून ग्रुपमध्ये एक नियम होता आणि तो आजोबांनीच घातलेला होता. दोन माणसांनी एकमेकांचं न बघता गणित करायचं आणि दोन्ही उत्तरं जुळल्याशिवाय काहीही दाराबाहेर जाऊ द्यायचं नाही. इथे दोन माणसं म्हणजे एक मी आणि दुसरे ते, त्यांच्या त्या जुन्या अहवालासकट. अहवाल ग्रंथालयात होता. मी तो उघडायचा नाही असं मी कबूल केलं होतं आणि उघडला नाही.

जुळवणीच्या दिवशी आम्ही शेफच्या खोलीत समोरासमोर बसलो. एकेक कार्ड उलटं करत गेलो. शून्यं सगळी जागच्या जागी होती. आकडे जुळले, कोन जुळले. शेवटचं कार्ड उलटलं तर माझं अधिक होतं आणि त्यांचं उणे.

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाहणारच. त्या माणसाचं चिन्ह चुकलेलं कोणी कधी ऐकलं नव्हतं. मी माझा गठ्ठा घेऊन खोलीवर आले आणि चूक शोधायला बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. चूक सापडेना. माझं कंत्राट संपत आलं होतं आणि चिन्ह जुळल्याशिवाय प्रबंधावर सही होणार नव्हती. शेफ सज्जन माणूस, त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, की कुठेतरी तुझी एक खूण उलटी पडली असणार, इतक्या लांबच्या गणितात पडतेच, म्हाताऱ्याचं घे आणि पुढे जा.

केतकीचंही तेच. केतकी माझी रूममेट, पुण्याची, भिंगं बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला, बोलताना मध्येमध्ये जर्मन शब्द पेरणारी. तिने माझी कार्डं जेवणाच्या टेबलावर पसरलेली पाहिली आणि म्हणाली, "अगं, आल्झो, मला एक कळत नाही. एवढ्याशा प्लस-मायनससाठी तू जेवण सोडलंयस? मायनस कर आणि आबगेबेन करून टाक ना थिसिस, देऊन मोकळी हो. जर्मनीत सगळ्यांना पेपर लागतो, तुझा प्रोटॉन कोणाला लागतोय!"

मी आजोबांकडे गेले. म्हटलं, हेर डॉक्टर, मला माझी चूक सापडत नाही, पण ती असणार, मी तुमचं उत्तर मान्य करते. मला वाटलं होतं ते खूश होतील, निदान पाठीवर हात ठेवतील. त्यांनी चष्मा काढला. त्यांना रागावलेलं मी त्या एकदाच पाहिलं.

"तुम्ही माझ्याशी तह करू नका," ते म्हणाले. "तह केला तर माझ्याकडे पुन्हा एकच उत्तर राहील. एक उत्तर माझ्याकडे आधीपासून आहे."

मग चष्मा परत चढवत म्हणाले, "मलाही माझी चूक सापडत नाहीये."

ते रोज शोधत होते. माझ्यासारखेच. इतक्या वर्षांनी, ज्याच्यावर सगळ्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला असता असं स्वतःचं गणित, ते एकेक कार्ड उचलून पुन्हा करत होते. तेही कोणासाठी, तर साताऱ्याहून आलेल्या एका पोरीचं उत्तर वेगळं आलं म्हणून. पुढ्यातल्या माणसाची उंची आपल्याला आजवर नीट दिसलेलीच नव्हती, असं मला वाटलं.

त्यांनी छत्री घेतली. म्हणाले, चला, पुन्हा एकदा आदळून बघू. आम्ही कॉरिडॉरमध्ये गेलो, ते जिन्याच्या टोकाला निघाले, मी झेरॉक्सच्या. हे आम्ही त्या आठवड्यात किती वेळा केलं होतं कोण जाणे, आणि दर वेळी शेवटी मी माझं चिन्ह सांगायची आणि ते त्यांचं. मी वैतागले होते. मी म्हटलं, "आज मी प्रोटॉन होते."

ते वळले. "का?"

"तुम्ही कधीच अँटिप्रोटॉन झालेला नाहीत म्हणून."

त्यांनी यावर खरोखर विचार केला. "खरं आहे," ते म्हणाले. "आमच्याकडे अँटिप्रोटॉन नव्हते." हा विनोद होता की नाही ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी छत्री माझ्या हातात दिली, ते झेरॉक्सपाशी जाऊन उभे राहिले, आणि आम्ही निघालो.

मी कॉफीच्या मशीनपाशी पोचले. ते पोचले नाहीत. ते मध्येच थांबले होते. सारख्या वेगाने चालायचा स्वतःचाच नियम त्यांनी पहिल्यांदा मोडला. ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. उजव्या हाताला भिंत होती. इतकी वर्षं, जिन्याकडून येताना, तिथे खिडकी असायची. ते पाठमोरे झाले, खिडकी पाहिली, परत वळले, भिंत पाहिली. कॉफीला आलेले दोघं-तिघं थबकले. मी छत्री वर धरून तशीच उभी.

"मी तोंड फिरवलं," ते सावकाश म्हणाले, "पण हात फिरवला नाही."

चूक एवढीच होती, आणि ती त्यांच्याकडूनच होण्यासारखी होती. त्यांनी सगळं गणित प्रोटॉनच्या बाजूने केलं होतं, कारण त्यांच्या कल्पनेत ते कायम प्रोटॉनच होते. शेवटी उत्तर, यंत्रात धावतो त्या अँटिप्रोटॉनच्या बाजूने सांगायचं होतं, म्हणून त्यांनी दिशा उलटी केली. पण आपण पूर्वेकडून पश्चिमेकडे वळलो की पुढचं मागे जातं एवढंच होत नाही, उजव्या हाताचं डाव्या हाताला जातं. दोन्ही बदलतात. दोन्ही बदलले की चिन्ह जिथल्या तिथे राहतं. त्यांनी पुढचं मागे केलं आणि उजवं उजवीकडेच ठेवलं. म्हणून चिन्ह उलटं झालं. त्यांच्या शून्यांनीही त्यांना सावध केलं नाही, कारण शून्याला अधिक-उणे नसतं.

माझ्या मनात पहिला विचार आला तो सुटकेचा नव्हता. मला भीती वाटली. या माणसाच्या आयुष्यातलं हे एक काम, आणि ते माझ्यासमोर कोसळलं होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायला धजत नव्हते. पाहिलं तर तिथे जे होतं ते मी फक्त लग्नघरात पाहिलेलं आहे, वऱ्हाड दारात आलं की मुलीच्या बापाच्या तोंडावर असतं ते. ते सरळ पहिल्या दारावर गेले, टकटक केली, आणि आतल्या माणसाला म्हणाले, "कृपया ऐका, माझं चिन्ह चुकलेलं आहे, फ्राऊ कोलेगिनचं बरोबर आहे." मग दुसऱ्या दारावर. मग तिसऱ्या. जिथे कोणी नव्हतं तिथे कार्डावर लिहून दाराखालून सरकवलं. शेफच्या दारावर त्यांनी टकटकसुद्धा केली नाही, सरळ आत गेले. मी छत्री घेऊन मागे मागे. शेवटी सेक्रेटरीबाईंनाही सांगून झालं. त्या बाईंना प्रोटॉनचं काही सोयरसुतक नव्हतं, पण त्यांनी उठून आजोबांचा हात हातात घेऊन हलवला.

नंतर खाली बाकावर बसलो तेव्हा मी विचारलं, तुम्हाला वाईट नाही वाटलं? त्यांना प्रश्न कळायला वेळ लागला. मग ते म्हणाले, की बरोबर असलेलं काम लोक जागच्या जागी ठेवून देतात, त्याला हातही लागत नाही. चूक सापडायची तर कोणाला तरी ते सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, स्वतः करावं लागतं. "मी हे केलं तेव्हा," ते म्हणाले, "दुसरं कोणी करून बघायला नव्हतं."

तो दोन माणसांचा नियम त्यांनी का घातला होता, हे मला तेव्हा कळलं. आम्ही सगळे समजत होतो की तो त्यांच्या जर्मन काटेकोरपणाचा भाग आहे. त्या नियमामागे किती वर्षांचं एकटेपण होतं हे कोणी कधी विचारलंच नव्हतं. मी माझ्या डब्यातला थालीपिठाचा तुकडा त्यांच्यापुढे केला. त्यांनी तो खाल्ला.

माझा प्रबंध झाला. चिन्ह अधिक, खाली दोघांच्या सह्या. मी पुढे आखनला गेले, मग विषयही बदलला, आता मी मोटारींसाठी सेन्सर बनवते. माझी मुलगी घरात मराठी ऐकते आणि जर्मनमध्ये उत्तर देते. पश्चिमेकडचं ते यंत्र पुढे ढकललं जात राहिलं, आणि सगळ्या छत्र्या वर धरून ते एक चिन्ह मोजल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. आजोबा आता नाहीत. शेफने फोन करून कळवलं तेव्हा मी आईला सांगितलं, तर तिने लगेच देवापाशी दिवा लावला. तिने त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं.

पण मला ते आठवतात ते कॉरिडॉरमधले नाहीत. ग्रंथालयातले आठवतात.

प्रबंधाची तोंडी परीक्षा झाल्यानंतर ते एका दिवशी टाइप केलेलं एक पान घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या जुन्या अहवालाची दुरुस्ती. अमुक पानावर अमुक समीकरणात चिन्ह उलटं हवं, चूक लेखकाची, ती दाखवून दिल्याबद्दल अमक्या सहकाऱ्याचे आभार, आणि पुढे माझं पूर्ण नाव, एकही अक्षर न चुकवता. दुरुस्ती जिथे छापलं तिथे पाठवायची असते. छापणारी संस्था राहिली नव्हती. ज्या देशाची ती संस्था होती तो देशही राहिला नव्हता. मग पाठवायची कुठे? अहवालाची एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, तिथे, ते म्हणाले. मी गमतीने म्हटलं, हेर डॉक्टर, तो आता कोण उघडणार आहे? त्यांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. जो कोणी उघडेल, त्याला चुकीचं मिळता कामा नये, असं ते म्हणाले, आणि कोट घातला.

ग्रंथपाल बाई नियमाच्या पक्क्या. ग्रंथालयाच्या पुस्तकात कोणालाही काही चिकटवता येत नाही. कोणाच्या अधिकाराने? लेखकाच्या, असं म्हणत आजोबांनी ओळखपत्र पुढे ठेवलं. बाईंनी ओळखपत्र पाहिलं, खाकी कव्हरवरचं नाव पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. मग आतून डिंक आणि पट्टी आणली आणि ते पान स्वतःच्या हाताने, सुरकुती पडू न देता, समीकरणासमोर चिकटवलं. आजोबा सगळा वेळ उभे होते, हात पाठीमागे बांधून. त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. जर्मन ग्रंथालयात मी खरंच वाकले असते तर बाईंना वाटलं असतं मला चक्कर आली, म्हणून तशीच उभी राहिले.

डिंक वाळल्यावर बाई अहवाल कपाटात ठेवायला निघाल्या. आजोबांनी हाताने थांबवलं आणि तो माझ्यापुढे ठेवला. इतके दिवस मी तो कबूल केल्याप्रमाणे उघडला नव्हता. आता त्याची काही गरज नव्हती, उत्तर आम्हाला दोघांनाही पाठ होतं. पण ते वाट बघत होते, म्हणून मी खुर्ची ओढून बसले. पहिल्या पानापासून, एकेक ओळ, चिकटवलेल्या पानासकट, शेवटपर्यंत वाचला. ते समोर बसून राहिले. मध्ये एकदाही त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं नाही. मी शेवटचं पान मिटलं आणि वाचून झालं असं सांगितलं.

त्यांनी मान डोलावली. त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायची त्यांना लाज वाटली नाही.

"तर आता," ते म्हणाले, "हे लिहून झालं."